लागलं तर

पहिल्या वर्षी माझ्या पिशवीचंही तिकीट काढावं लागलं,
बेळगाव ते यमकनमर्डी.
कंडक्टरनं पायानं ढकलून बघितली, हलली नाही.
"दगड नेताय काय हो?" म्हणाला.
दगड नव्हे, लोखंड.
पाच किलो, दोन किलो, किलो, अर्धा,
आणि पितळेची बारकी वजनं लाकडी पेटीत,
चिमट्यासकट,
आपापल्या खळग्यात अंडी उबवत बसल्यागत.

मी तराजू दुरुस्त करतो.
बाजाराच्या गावी आदल्या रात्री पोचायचं,
कुणाच्या तरी दुकानाच्या कट्ट्यावर पडायचं,
सकाळी बाजार भरायच्या आत
गंज घासायचा, साखळ्या जुळवायच्या,
काटा मधोमध आणायचा.
एवढ्याला एक कानस, पक्कड, तेलाची कुपी पुरते.
बाकीची पिशवी
"लागलं तर"नं भरलेली.

लागलं तर स्वेटर. लागलं तर छत्री.
दुसरी कानस, पहिली हरवली तर.
मालन म्हणायची, शेंगाचटणीचा डबा असू दे,
वाटेत कोण भेटतंय, लागलं तर.
भेटायचं की कोणतरी. खरं चटणी संपली
तरी डबा परत आणायचाच असायचा.
उजवा खांदा उतरला माझा.
शहापूरच्या शिंप्यानं शर्ट बेतताना
दोन बाह्यांची मापं वेगवेगळी लिहून घेतली
आणि काही बोलला नाही.
तराजूवाल्याचीच दांडी वाकडी,
कळलं असणार त्याला.

नेसरगीला जाताना एकदा चहाला उतरलो
आणि बस पिशवी घेऊन सुटली.
खिशात पक्कड तेवढी.
बायव्वा कांदेवालीला म्हटलं,
वजनं नाहीत, काटा तपासता येणार नाही आज.
ती बघत राहिली माझ्याकडं.
मग एका पारड्यात कांदे टाकले, दुसऱ्यात शेजारणीची वांगी,
काटा मधोमध थांबेपर्यंत
एक वांगं काढून दुसरं, दुसरं काढून तिसरं.
"ई कडीदु आ कडी हाक," म्हणाली. "नोड."
इकडचं तिकडं टाकलं.
कांद्याचं पारडं बोटभर खाली गेलं.
झालं की. दांडीत खोट होती,
आणि कळायला लोखंड लागलं नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं, असं नाही.
उस्तादानं पहिल्याच महिन्यात सांगितलेलं.
खरं पिशवी जड असली की
माणूस डोकं घरी ठेवून निघतो.

तिसऱ्या दिवशी बैलहोंगलच्या डेपोत पिशवी मिळाली.
सगळं जागच्या जागी, चटणीला बुरशी.
सही केली, उचलली,
आणि फाटकापर्यंत जाईस्तोवर
तीन दिवसांत काय काय लागलं नव्हतं
ते खांद्यानं एकेक करून सांगितलं.

एकदम नाही सुटलं काही.
आधी पाच किलो गेलं.
स्वेटर गेला, आणि पौषात परत आला.
डब्याच्या जागी वर्तमानपत्राची पुडी आली, तेव्हा
मालन आठ दिवस बोलली नाही.
चटणी आवडेना, असं वाटलं तिला.
कसं सांगणार, जड चटणी नव्हती, डबा होता?
पुडीचं तेल शर्टाला लागलं, तेही मीच धुतलं.
आता निम्म्या दुकानांत आकडे उजळणारे काटे आलेत,
त्यांना माझी पक्कडही नको.
तरी पितळेचं एक, पन्नास ग्रॅमचं,
खिशात असतं.
त्याचा उपयोग विचारू नका.

परवा चिकोडीच्या बसमध्ये पोरगेला कंडक्टर,
नुकतं मिसरूड फुटलेला,
माझी पिशवी एका बोटावर उचलून म्हणाला,
"खाली ऐतेन्री?"
रिकामी आहे काय, असं विचारत होता.
मला कळलं. तरी आमच्या भाषेत
"होय, खालीच" म्हटलं
आणि खाली ठेवली, पायाशी.
यमकनमर्डीच्या चढाला बस हिसका देते,
तेव्हा सरकली थोडी.
पायाला लागलीसुद्धा नाही.